थेंबभर रक्ताचा हिशेब

२०२३च्या जून महिन्यात गोव्याचं नाव एका नकोशा कारणाने देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं होतं. तिथल्या प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना मधुमेह होता. देशाची सरासरी ११.४ टक्के, म्हणजे २०२१च्या हिशेबाने सुमारे १० कोटी १० लाख माणसं. आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक, आपल्याकडे म्हणतात तसे, ‘बॉर्डरवर’. बातमी सगळ्यांनी वाचली. हा आकडा मोजला कशाने, हे फार थोड्यांनी विचारलं असेल.

तो मोजला बोटातल्या थेंबाने. २००८ ते २०२० या काळात पाहणीची पथकं ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत घरोघर गेली आणि १ लाख १३ हजार ४३ जणांना तपासून आली. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायला द्यायचं, दोन तास थांबवून पुन्हा टोचायचं. शिरेतून रक्त घेतलं ते दर पाचव्या माणसाचं. मुठीत मावणारं जे मशीन आता कपाटात, पर्समध्ये आणि बागेबाहेरच्या शिबिराच्या टेबलावर दिसतं, त्याच जातीच्या मशीनवर या देशाचा मधुमेहाचा नकाशा उभा आहे.

प्रयोगशाळा सोडून मशीन का, याचं कारण निव्वळ सोय नव्हे. शिरेतून काढलेलं रक्त साध्या नळीत ठेवलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर अशी खर्च होते. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर सकाळी घेतलेला नमुना चार तासांचा घाटरस्ता उतरून अमरावतीला पोचेपर्यंत २००ची (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) साखर दीडशे-एकशे साठवर आलेली असते आणि मधुमेही माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. फ्लोराइडची नळी वापरली तर ही गळती थांबते, पण पुरती थांबायला तिलाही तास-दोन तास लागतात. बोटातल्या थेंबाला प्रवासच नसतो. जिथे रुग्ण तिथेच तपासणी, उत्तर पाच सेकंदांत.

मात्र बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त एकच आकडा दाखवत नाही. उपाशीपोटी फरक नगण्य असतो. जेवणानंतर मात्र बोटाकडे आलेल्या रक्तातली साखर अजून स्नायूंनी उचललेली नसते, शिरेतून परत निघालेल्या रक्तातली बरीचशी उचललेली असते. म्हणून ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची मधुमेहाची रेषा शिरेतल्या रक्तासाठी २०० आहे, तर ‘इंडियाब’ने बोटातल्या रक्तासाठी ती २२० धरली. घरच्या मशीनवर जेवणानंतर १९५ आणि त्याच वेळी लॅबमध्ये १७० आले, तर दोन्ही बरोबर असू शकतात. अशा वेळी मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडणारे बरेच असतात.

पाच सेकंदांत नेमकं काय घडतं? पट्टीच्या टोकाला एक बारीक फट असते. थेंब टेकवला की रक्त आपोआप आत ओढलं जातं. लागतं किती, तर बऱ्याच मशीनना एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. फटीच्या तळाशी एक विकर वाळवून ठेवलेलं असतं. अनेक पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेझ असतं आणि ते मिळवतात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी धरते, ती याच बुरशीची. विकर साखरेच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतं, पट्टीवरचं दुसरं रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि मशीन तो अतिसूक्ष्म वीजप्रवाह मोजतं. जितकी साखर तितका प्रवाह.

इथवर यायला शतकाचा मोठा भाग गेला. आधीच्या पिढीतल्या मधुमेह्यांना बेनेडिक्टची परीक्षा आठवत असेल. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर सुटका. हिरवा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या चढत विटकरी झाला तर त्या दिवसापुरता घरात सुतकी चेहरा. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही. म्हणजे १७०चा माणूस रोज निळा रंग पाहून समाधानाने आंबा खायचा. आणि साखर धोकादायक पातळीइतकी खाली घसरली, तर ही परीक्षा त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या एम्स कंपनीने ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्ताची पट्टी काढली. थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी जुळवायचा. पाठोपाठ तो रंग वाचणारं यंत्र आलं. वजन किलोभराहून जास्त, आणि गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर दवाखाने. बेशुद्ध अवस्थेत आणलेला माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेहाने कोसळला आहे, हे रात्री लॅब बंद असताना कळावं, एवढीच अपेक्षा. रुग्णाने हे स्वतः घरी वापरावं असं कुणाच्या मनातही नव्हतं.

रिचर्ड बर्नस्टाइन या न्यूयॉर्कच्या अभियंत्याला ते नेमकं घरीच वापरायचं होतं. बाराव्या वर्षापासून मधुमेह, इन्सुलिनवर आयुष्य, आणि पस्तिशीच्या आसपासच शरीराची पडझड सुरू झालेली. कंपनी यंत्र फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना विकत असे. बर्नस्टाइन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, तेव्हा यंत्र त्यांच्या नावावर मागवलं गेलं. हा माणूस दिवसातून पाच-पाच वेळा बोट टोचून आहार आणि इन्सुलिन जुळवू लागला आणि त्याची साखर आटोक्यात आली. अनुभव लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला, तर तो छापायला कुणी तयार होईना. लिहिणारा डॉक्टर नव्हता ना. मग चाळिशी उलटल्यावर त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि रीतसर डॉक्टर झाला. डॉ. बर्नस्टाइन २०२५ साली, नव्वदी गाठून गेले. रुग्णाने स्वतःची साखर स्वतः मोजावी, या कल्पनेच्या मुळाशी त्यांचा हा हट्ट आहे. पुढे १९८७मध्ये, क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधनातून, पेनाच्या आकाराचं वीजप्रवाहावर चालणारं मशीन बाजारात आलं. आजची बहुतेक मशीनं त्याच वंशातली.

आपल्याकडे हे मशीन सर्वांत मोलाचं ठरतं ते गावच्या उपकेंद्रात, म्हणजे पाटीवरच्या नव्या नावाने ‘आयुष्मान आरोग्य मंदिरा’त. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते. वय किती, तंबाखू-दारू आहे का, आई-वडिलांना शुगर किंवा बीपी होतं का, अंगमेहनत किती, कमरेचा घेर किती. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९०पर्यंत असेल तर शून्य गुण, पुढे चढते गुण. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीत त्या व्यक्तीला आधी घ्यायचं. ठरल्या दिवशी उपकेंद्रात बोट टोचतात. जेवून आलात की उपाशी, हे इथे आड येत नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं की प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी.

ही चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. निदान लॅबमध्ये होतं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीएवनसी, साडेसहा किंवा जास्त. त्रास काही नसेल तर एका अहवालावर शिक्का मारत नाहीत, दुसरा अहवाल त्याला दुजोरा द्यावा लागतो. शिबिरात मात्र याच्या उलट दोन गोष्टी घडतात. १५२ ऐकून घाबरलेला माणूस त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या गोळ्या सुरू करतो, नाहीतर कारल्याचा रस. आणि २६० ऐकलेला माणूस ‘काल लग्नाचं जेवण झालं होतं’ म्हणून चिठ्ठी खिशात घालून विसरून जातो. दुसरा प्रकार जास्त घातक आहे. लग्नाच्या जेवणाने निरोगी माणसाची साखर २६०वर जात नाही.

निव्वळ बोटं टोचत सुटल्याने काय साधतं, हे इंग्लंडमध्ये नीट तपासून पाहिलं गेलं. केंब्रिजच्या परिसरातल्या ३३ दवाखान्यांत नोंद असलेले, मधुमेहाची शक्यता जास्त असलेले २० हजारांवर लोक घेतले. काही दवाखान्यांनी आपल्या लोकांना मुद्दाम बोलावून चाचणी केली, काहींनी नाही. दहा वर्षांनी दोन्हीकडचं मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. २०१२ साली ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला. यावरून शिबिरं बंद करा असं म्हणणं उतावळेपणाचं ठरेल. ज्या देशात प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर आहे, तिथे मधुमेह आज ना उद्या सापडतोच. आपल्याकडे तो अनेकदा पायाची जखम चिघळल्यावर किंवा नजर अंधुक झाल्यावर सापडतो. पण किती हजार बोटं टोचली याचे फलक लावणाऱ्या संयोजकांना एक प्रश्न विचारायलाच हवा. १४०च्या वर निघालेल्यांपैकी कितीजण पुढच्या महिन्यात लॅबपर्यंत पोचले? हा आकडा फलकावर कधी दिसत नाही.

या मशीनचा सगळ्यांत शहाणा वापर होतो तो गरोदर बायांसाठी. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एका टप्प्याची चाचणी आता राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. एस.टी. पकडून, सासूला सांगून, तान्ह्याला कुणाकडे ठेवून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ म्हटलं तर ती येतेच असं नाही. म्हणून उपाशी असण्याची अटच काढून टाकली. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. दोन तास तिथेच बसायचं, मग बोट. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी, अर्ध्या तासानंतर झाली तर चालवून घ्यायची. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा. आकडा चढा आला तर आधी दोन आठवडे आहार सांभाळायचा. जेवणानंतर दोन तासांची साखर तरीही १२०च्या खाली येत नसेल, तर औषध.

हे नऊ महिने पुढच्या पिढीच्या शरीरावर खूण सोडतात, हे जगाला ठणकावून सांगण्यात पुण्याच्या कामाचा वाटा आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. ही बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी लहान. पण त्यांच्या अंगावर कमी होतं ते मांस. चरबी जवळपास तेवढीच. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी कुठे जाडा आहे, मला कशाला शुगर होईल’ म्हणून शिबिराच्या टेबलावरून पुढे सटकणाऱ्या सडपातळ मराठी गृहस्थाने हा फोटो जरूर पाहावा.

आता चुकांबद्दल, कारण मशीनपेक्षा जास्त चुका मशीनभोवती होतात. आधी एक छोटं गणित. साखर १०० असेल तर एका मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं एक मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचे काहीशे भाग केले तर त्यातला एक भाग, एवढंच. बोटाच्या कातडीवर आणखी एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज चिकटलेलं असेल तर मशीन १००च्या जागी २०० दाखवणार, आणि त्यात मशीनचा काडीचाही दोष नाही. जपानी संशोधकांनी २०११मध्ये लोकांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावून बोटं टोचली, तर आकडे भलतेच फुगले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ते पुरते उतरले नाहीत. नळाखाली हात धुतल्यावर उतरले. उपकेंद्रात ग्लुकोजचा पुडा फोडून पाणी कालवणारे हात आणि बोट टोचणारे हात बहुधा एकच असतात. तिथे साबण-पाणी हे मशीनइतकंच महत्त्वाचं उपकरण आहे. आंबा, द्राक्षं, मध, गूळ यांनाही हाच नियम.

हात धुतल्यावर ते कोरडेही हवेत. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावं; तिथे दुखतं कमी आणि रक्त बरं येतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसलं तर रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. त्यापेक्षा हात खाली सोडून थोडा झटकावा. पट्ट्यांच्या डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. कोकणातल्या पावसाळ्यात ती डबी उघडी राहिली किंवा ‘प्रवासात बरं पडतं’ म्हणून चार पट्ट्या कागदात गुंडाळून नेल्या, तर विकर दमट हवेने मरतं. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीचीही तीच गत. डबीवरची मुदत आपण औषधाच्या पाकिटावर पाहतो तशी पाहत नाही, ती पाहावी.

काही गफलती हात धुऊन जात नाहीत. रक्तात तांबड्या पेशी कमी असतील तर अनेक मशीनं साखर आहे त्याहून जास्त दाखवतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही बारीकसारीक बाब म्हणता येत नाही. नव्या मशीनपैकी काही हा फरक स्वतःच दुरुस्त करतात, सगळी नाही. मग तीन महिन्यांच्या शुगरवर भरवसा ठेवावा, तर लोहाच्या कमतरतेने तीही वर सरकते. उलट सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे ती खोटी कमी येते. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या डॉक्टरांना म्हणूनच ‘एचबीएवनसी साडेपाच, चिंता नको’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही.

आणि सगळं नीट केलं तरी मशीनला थोडी सूट द्यावीच लागते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० किंवा त्यावरच्या साखरेसाठी शंभरातल्या ९५ मोजण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्के आत-बाहेर असल्या की मशीन पास. म्हणजे खरी साखर १४० असेल तर मशीनने १२० दाखवली काय किंवा १६० दाखवली काय, दोन्ही मान्य. तेव्हा काल १३८ आणि आज १४९ यावरून कालच्या शिऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग घरी रोज मोजावं का? इन्सुलिन घेणाऱ्याने मोजायलाच हवं, दिवसातून अनेकदा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यानेही निदान उपवासाच्या दिवशी तरी. नवरात्रात नऊ दिवस गोळी चालू आणि जेवण बंद, अशी घरोघरी ज्येष्ठ मंडळी असतात. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं याला ‘अशक्तपणा’ म्हणून झोपवून ठेवतात. मशीन ५२ दाखवतं तेव्हा डोळे उघडतात. ७०च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

पण मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर स्थिर असलेल्याने रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून वहीत लिहिण्याने काय फरक पडतो? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० जणांवर हे पाहिलं गेलं. वर्षभराने रोज मोजणारे आणि न मोजणारे यांच्या तीन महिन्यांच्या शुगरमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. पट्टीला दहा ते पंचवीस रुपये पडतात. महिन्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्याच पट्ट्या वेगळ्या तऱ्हेने वापरल्या तर त्यांचं चीज होतं. एक दिवस पोह्यांच्या आधी आणि दोन तासांनंतर, दुसऱ्या दिवशी भाकरी-उसळीच्या आधी आणि नंतर, तिसऱ्या दिवशी जेवून वीस मिनिटं चालून. आठवडाभरात स्वतःच्या ताटाबद्दल जे कळतं, ते वर्षभराच्या सकाळच्या आकड्यांतून कळत नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर हेच काम दोन आठवडे अखंड करतो, फक्त तो रक्ताऐवजी पेशींबाहेरचा द्रव मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. शिवाय महागही आहे.

एक धोका मात्र सुशिक्षित घरांतही दुर्लक्षिला जातो. घरातल्या चौघांनी एकच टोचणीचं पेन वापरायचं, फार तर सुई बदलून. १९९०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका इस्पितळात अशाच सामायिक पेनमधून हेपटायटिस-बी पसरला होता. पेन टूथब्रशसारखं ज्याचं त्याचं. शिबिरात तर पेन नकोच, प्रत्येकासाठी एकदाच वापरून टाकायची सुई हवी आणि ती समोर फोडलेली दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर बोट मागे घ्यायला संकोच करू नये.

१४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, जागतिक मधुमेह दिन. दिवाळीच्या मागेपुढेच तो येतो आणि चौकाचौकांत मोफत शिबिरांचे मांडव पडतात. तिशी ओलांडली असेल तर जरूर जा, हात धुऊन जा. आणि चिठ्ठीवर १४० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर ती चिठ्ठी घेऊन आठवड्याच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात उपाशीपोटी पोचा. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत.